सुरुंग की नुसता खणलेला खड्डा? अवरक्त ध्रुवीभवनाने भूसुरुंग शोधण्याच्या एका चाचणीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

क्रोएशियाच्या दाल्मेशिया भागात किनाऱ्याच्या मागे चुनखडीचे उघडे डोंगर आहेत आणि त्यांच्या खळग्यांमध्ये लाल माती साचलेली आहे. १९९१ ते १९९५ च्या युद्धात या भागात बांधांच्या कडेने, पायवाटांवर, पडक्या घरांभोवती सुरुंग पेरले गेले. हे प्रकरण अशाच एका पट्ट्यातल्या सर्वेक्षणाचे आहे. पथक, गाव आणि वर्ष मुद्दाम दिलेले नाही.

इथले बहुतेक सुरुंग युगोस्लाव्ह बनावटीचे पीएमए-२ आणि पीएमए-३. दोन्ही माणसाच्या पायाखाली फुटणारे आणि प्लास्टिकचे. पीएमए-२ चा व्यास सुमारे ६८ मिलिमीटर, त्यात १०० ग्रॅम टीएनटी. पीएमए-३ चपटा, सुमारे १०३ मिलिमीटर व्यासाचा, वर रबरी आवरण आणि आत ३५ ग्रॅम टेट्रिल हे स्फोटक. धातू म्हणाल तर डिटोनेटरची ॲल्युमिनियमची बारीक नळी, तेवढीच.

लाल मातीत लोहाची चुंबकीय ऑक्साइडे अतिशय बारीक कणांच्या रूपात असतात. मेटल डिटेक्टरच्या स्पंदनाला ती स्वतःच प्रतिसाद देतात. संवेदनशीलता वाढवावी तर माती ओरडते, कमी करावी तर ॲल्युमिनियमची नळी निसटते. कोकणातल्या जांभ्यावर मेटल डिटेक्टर चालवलेल्या कुणालाही हा त्रास नवा वाटणार नाही. त्यात युद्धातल्या गोळ्यांची टरफले आणि पत्र्याचे तुकडे जागोजागी विखुरलेले. प्रत्येक आवाजाला गुडघे टेकून, सळईने तिरके टोचत माती मोकळी करावी लागते आणि बहुतेक वेळा हाती खिळा येतो.

अडचण

पथकाला हवे होते ते असे उपकरण, जे मोकळ्या केलेल्या अरुंद मार्गावर उभे राहून बाजूच्या न तपासलेल्या जमिनीकडे पाहील आणि कुठे आधी लक्ष द्यायचे ते सांगेल. अवरक्त ध्रुवीभवनाचे (वस्तूकडून येणारी उष्णतेची किरणे कोणत्या दिशेत कंप पावतात ते मोजण्याच्या तंत्राचे) नाव पुढे आले, कारण त्यावर गंभीर काम झालेले होते. नेदरलँड्समधल्या टीएनओ या संशोधन संस्थेने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची काही वर्षे या विषयावर सलग प्रयोग केले होते.

पण मागणी लिहून आली ती अशी: ‘पृष्ठभागावरचे आणि पुरलेले सुरुंग दूरून ओळखणे.’ त्यातल्या ‘आणि’ने पुढचे अर्धे काम भरकटले. पृष्ठभागावरचा सुरुंग आणि पुरलेला सुरुंग हे या तंत्राच्या दृष्टीने एकाच प्रश्नाचे सोपे-अवघड प्रकार नाहीत. ते दोन निराळे प्रश्न आहेत.

ध्रुवीभवनातून नेमके काय दिसते

गुळगुळीत पृष्ठभाग तिरक्या कोनातून पाहिला, तर त्याने स्वतः उत्सर्जित केलेल्या उष्णतेच्या किरणांत उभा घटक आडव्यापेक्षा जास्त असतो. त्याच पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या किरणांत आडवा घटक जास्त असतो. खरबरीत मातीत असंख्य बारीक उतार सगळ्या दिशांना तोंड करून असल्यामुळे हे परिणाम आपसात मिटून जातात. म्हणून प्लास्टिकची चपटी पाठ मातीतून उठून दिसते. तापमान दोघांचे सारखे असले तरी.

प्लास्टिकचा अपवर्तनांक १.५ धरून फ्रेनेलच्या (परावर्तन किती होते ते सांगणाऱ्या) समीकरणांनी हिशेब केला, तर उभ्या आणि आडव्या उत्सर्जकतेतला (उष्णता उत्सर्जित करण्याच्या क्षमतेतला) फरक लंबापासून २० अंशांवर जेमतेम १.४ टक्के येतो. ४५ अंशांवर ८ टक्के, ६० अंशांवर १७.५ टक्के आणि ७० अंशांवर २५ टक्क्यांच्या थोडा वर. सरळ खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्याला ध्रुवीभवनाचा काही उपयोग नाही, तो यामुळे.

दुसरी बाजू आकाशाची. ६० अंशांवरून पाहताना सुरुंगाच्या पाठीत आकाशाचे प्रतिबिंब पडते. आकाश गार असेल तर परावर्तित भाग कमी आणि उत्सर्जनाचा उभा घटक वरचढ राहतो. आकाश वस्तूइतकेच उबदार असेल, तर परावर्तन आणि उत्सर्जन एकमेकांना पुरते खोडतात आणि ध्रुवीभवन शून्यावर येते. १० मायक्रोमीटर तरंगलांबीला, २२ अंश सेल्सिअसच्या स्वच्छ प्लास्टिकवर, उणे २३ अंशांइतके परिणामी तापमान असलेले निरभ्र आकाश धरले तर रेषीय ध्रुवीभवन सुमारे ५ टक्के निघते. १२ अंशांचे ढगाळ आकाश धरले तर १.४ टक्के. हा झाला कागदावरचा, धूळ नसलेला आकडा.

याचा मोठा फायदा असा की साध्या औष्णिक कॅमेऱ्याला दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, जी आंधळी वेळ येते (माती आणि वस्तू तापत-निवत एकाच तापमानातून जातात ती), ती ध्रुवीभवनाला त्याच रूपात छळत नाही. आकाश गार असले की झाले.

पर्याय

चार मार्ग समोर होते. पहिला, नुसता औष्णिक कॅमेरा. स्वस्त, पण तापलेला प्रत्येक दगड सुरुंगासारखा दिसतो. दुसरा, मेटल डिटेक्टर आणि भूमिभेदी रडार एकत्र असलेले हातातले उपकरण. पुरलेल्या सुरुंगासाठी हाच खरा उमेदवार, पण तो जमिनीच्या वर काही सेंटिमीटरवर धरावा लागतो, दूरून चालत नाही. तिसरा, कुत्री. त्यांची उपयुक्तता वादातीत असली तरी तो निर्णय या पथकाच्या हातात नव्हता. चौथा, ध्रुवीभवन.

चौथा निवडल्यावर लगेच पुढचा फाटा आला: ३ ते ५ मायक्रोमीटर तरंगलांबीचा पट्टा की ८ ते १२ चा? छोट्या तरंगलांबीच्या थंड केलेल्या कॅमेऱ्याची प्रतिमा सुरेख असते, पण त्या पट्ट्यात दिवसा सूर्याचे परावर्तन बरेच असते. परावर्तित ऊन आडवे ध्रुवीभूत असल्याने खुणेचे चिन्हच उलटते किंवा ती पुसली जाते. काम दिवसा करायचे होते, म्हणून लांब तरंगलांबीचा पट्टा आणि साधा, न थंड केलेला मायक्रोबोलोमीटर कॅमेरा ठरला. हा निर्णय शेवटपर्यंत बरोबर ठरला.

उभारणी

कॅमेरा ६४० × ४८० बिंदूंचा, बिंदूचे माप १७ मायक्रोमीटर, भिंग २५ मिलिमीटर. ट्रायपॉडवर २.५ मीटर उंचीवर बसवून लंबापासून ६० अंशांवर झुकवला की वस्तू तिरक्या अंतराने ५ मीटरवर येते. तिथे एक बिंदू ३.४ मिलिमीटरचा. पीएमए-२ रुंदीला साधारण २० बिंदू व्यापतो, पण तिरके पाहिल्यामुळे उंचीला १० च. चौकटीत पायथ्यापासून ३ ते ६.६ मीटर अंतराचा पट्टा येतो. जवळचे ३ मीटर या चौकटीत येतच नाहीत. ते समोरच्या मार्गावरून पाहायचे, कॅमेरा खाली वाकवून नव्हे, कारण वाकवला की कोन घटतो आणि खूण मरते.

भिंगासमोर फिरत्या कड्यात जर्मेनियमच्या चकतीवरचा तारजाळीचा पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारी किरणे जाऊ देणारी चाळणी). तो भिंगाला समांतर बसवला तर कॅमेरा त्यात स्वतःचेच प्रतिबिंब पाहतो आणि मधोमध एक गोल डाग येतो. म्हणून चकती काही अंशांनी कलती ठेवून शेजारी काळे फेल्ट लावले. कलत्या चकतीमुळे फिरताना प्रतिमा बिंदू-दोन बिंदू सरकते. तेवढे सरकणे दगडांच्या कडांवर खोटे ध्रुवीभवन तयार करते. प्रत्येक कोनाचे सरकणे एकदा मोजून प्रतिमा जुळवून घेतल्या, तेव्हा हा त्रास आटोक्यात आला.

मोजणी ०, ४५, ९० आणि १३५ अंशांवर, प्रत्येक ठिकाणी १६ फ्रेमची सरासरी. एका फ्रेमचा गोंगाट (मोजणीतला अनियमित चढउतार) ५० मिलिकेल्विन असेल तर सरासरीनंतर १२.५ उरतो. या तापमानाला १ टक्का ध्रुवीभवन म्हणजे उभ्या-आडव्यात सुमारे १.२ केल्विनचा फरक, त्यामुळे गोंगाटापुरते बोलायचे तर हा कॅमेरा पुरेसा होता. घात केला तो शटरने. असे कॅमेरे थोड्या थोड्या वेळाने आतले शटर टाकून स्वतःला सुधारून घेतात. ही सुधारणा ४५ आणि ९० अंशांच्या मध्ये झाली की सगळी चौकट एकदम सरकते आणि गणितात आख्खे शेत ध्रुवीभूत निघते. उपाय सोपा: चक्र सुरू होण्याआधी शटर हाताने टाकायचे आणि चक्र संपेपर्यंत बंद ठेवायचे.

पोलरायझर स्वतःही उष्णता उत्सर्जित करतो. म्हणून रोज सकाळी काळ्या रंगाने रंगवलेल्या, पाण्याने तापमान राखलेल्या पाटीचे १५ आणि ३५ अंशांवर चारही कोनांत चित्रण करून प्रत्येक बिंदूचा गुणक आणि भर वेगळी काढली जाई.

पहिला टप्पा: फसवे यश

चाचणीच्या पट्ट्यात स्फोटकाऐवजी सिलिकॉन रबर भरलेले निकामी सुरुंग ठेवले. काही पृष्ठभागावर, काही अर्धे उघडे, काही ५ सेंटिमीटरवर आणि काही १० सेंटिमीटरवर पुरलेले. दोनच दिवसांनी, निरभ्र आकाशाखाली पाहणी झाली. पृष्ठभागावरचे दिसले, हे अपेक्षितच होते. पण पुरलेलेही दिसले! लाल मातीत फिकट गोल डाग, सुरुंगांच्या अगदी नेमक्या जागी. अहवालाचा पहिला मसुदा त्याच आठवड्यात तयार झाला.

तो थांबला एका प्रश्नामुळे: सुरुंगाच्या आकाराचे, पण काही न पुरता भरून टाकलेले खड्डे पट्ट्यात का नाहीत? ते केले. रिकाम्या खड्ड्यांवरचे डाग सुरुंगांवरच्या डागांपासून वेगळे काढता येईनात. कॅमेरा सुरुंग पाहत नव्हता, कुदळीची खूण पाहत होता.

कारण उघड आहे. खणल्यावर मातीचा पोत आणि खरबरीतपणा बदलतो आणि खालचे बारीक कण वर येतात. क्वार्ट्झ असलेल्या मातीत ८ ते ९.५ मायक्रोमीटरच्या दरम्यान उत्सर्जकताही त्याने बदलते. पाऊस आला की माती बसते, कण धुपून जातात आणि खूण पुसट होत जाते. नव्याने पेरलेल्या सुरुंगासाठी ही खूण कामाची आहे, यात शंका नाही. पण इथले सुरुंग १९९५ च्या आधीचे होते. त्यांच्यावरून किती पावसाळी हिवाळे गेले होते, ते मोजायलाही नको. जुन्या पुरलेल्या सुरुंगाचे अस्तित्व जमिनीवर कळते ते त्याने अडवलेल्या उष्णतेमुळे. ती खूण तापमानाची असते, ध्रुवीभवनाची नाही, आणि तीही उथळ: नेहमीच्या मातीत दिवसरात्रीची उष्णतेची लाट सुमारे १२ सेंटिमीटरवर एक-तृतीयांशाच्या आसपास उरते.

इथे निर्णय घ्यावा लागला. पुरलेले सुरुंग उद्दिष्टातून काढायचे की ‘आणखी अभ्यास करू’ म्हणत ठेवायचे? पथकाने ते काढले. पैसे देणाऱ्यांना हे सांगणे जड गेले असणार, पण मसुदा तसाच गेला असता तर त्याचे ओझे सळई हातात धरणाऱ्यांवर पडले असते.

दुसरा टप्पा: उघडे आणि अर्धे उघडे सुरुंग

आता काम आवाक्यातले होते, तरी गुंते निघालेच.

पहिला गुंता गाडीचा. एका बाजूच्या पाहणीत खुणा ठळक, दुसऱ्या बाजूच्या पाहणीत जवळजवळ नाहीत. सामान वाहून आणणारी व्हॅन पट्ट्यापलीकडे उभी होती आणि तिच्यामागे झाडांची रांग. ६० अंशांवरून पाहताना सुरुंगाच्या पाठीत पलीकडचे, क्षितिजापासून ३० अंश उंचीवरचे दृश्य उमटते. १० मीटर उंच झाड सुमारे १७ मीटरच्या आत असेल, तर तिथे गार आकाशाऐवजी उबदार पाने प्रतिबिंबित होतात आणि खूण खोडली जाते. व्हॅन तर त्याहून जवळ होती. तेव्हापासून जागा निवडताना आधी पलीकडच्या क्षितिजाचा चढता कोन मोजायचा, नंतर ट्रायपॉड रोवायचा, असा क्रम ठरला. कॅमेरा ७० अंशांवर झुकवून खूण वाढवण्याचा मोह याच कारणाने सोडला. तिथून प्रतिबिंब २० अंश उंचीचे, म्हणजे आणखी झाडे आणि क्षितिजाजवळचे जास्त उबदार आकाश.

दुसरा गुंता धुळीचा. कोरे, स्वच्छ सुरुंग शेतातल्या जुन्या सुरुंगांसारखे वागत नाहीत. धुळीचे कण तरंगलांबीच्याच मापाचे असतात आणि पातळ थरही पाठ खरबरीत करून टाकतो. म्हणून चिखलाचे पातळ पाणी शिंपडून, उन्हात वाळवून सुरुंग मळवले. खूण बरीच घसरली. पाऊस पडून गेल्यावर, माती वरून सुकली की प्लास्टिक धुतलेले आणि माती कोरडी, अशी सगळ्यात चांगली वेळ मिळते. माती ओली असताना मात्र पाण्याचा पापुद्रा सगळीकडेच चमकतो. पहाटेचे दवही तसेच, ते उडेपर्यंत थांबायचे.

तिसरा, आकाराचा. पीएमए-३ ची चपटी पाठ उत्तम दिसते. पीएमए-२ वर ताऱ्याच्या आकाराचा दाबकाटा असतो, सपाट जागा फक्त भोवतालच्या कडेची. बाजूची उभी भिंत आकाशाऐवजी समोरची जमीन प्रतिबिंबित करते, म्हणून ती मदतीला येत नाही. थोडक्यात, दोन्हींपैकी पीएमए-२ इथे जास्त अवघड निघाला.

वेळ वाचवण्यासाठी मध्येच फक्त ० आणि ९० अंशांवर मोजण्याचा प्रयत्न झाला. तो मागे घ्यावा लागला. कललेल्या सुरुंगाची ध्रुवीभवनाची दिशा उभी राहत नाही आणि खुणेचा काही भाग ४५ आणि १३५ मध्ये जातो. उलट चार कोन घेऊन नुसती ध्रुवीभवनाची मात्रा काढली, तर वर्ग आणि वर्गमूळ घेतल्यामुळे गोंगाटही नेहमी धन येतो आणि शांत मातीही ध्रुवीभूत भासते. शेवटी दोन्ही फरक (० वजा ९० आणि ४५ वजा १३५) चिन्हासकट वेगवेगळे ठेवले. पहिल्या फरकाचे चिन्ह उलटे आले की समोर काही तरी तापलेले प्रतिबिंबित होत आहे, हेही त्यातून कळू लागले.

चौथा, वाऱ्याचा. चारही कोनांचे चक्र सहा सेकंदांचे. तेवढ्यात ‘बुरा’ या कोरड्या ईशान्य वाऱ्याचा झोत आला किंवा ढगाची सावली सरकली, तर पृष्ठभागाचे तापमान बदलते आणि गणित त्याला ध्रुवीभवन समजते. हलणाऱ्या गवताचेही तसेच. यावर दोन तपासण्या लावल्या. चक्राच्या शेवटी १८० अंशांवर पुन्हा मोजायचे. ते ० अंशांशी जुळलेच पाहिजे, ०.१ केल्विनपेक्षा जास्त फरक असलेले बिंदू बाद. आणि ० व ९० ची बेरीज ४५ व १३५ च्या बेरजेइतकी आली पाहिजे. एवढ्याने खोट्या खुणांचा मोठा भाग गेला.

निष्पत्ती

उरलेल्या खोट्या खुणा खऱ्याखुऱ्या गुळगुळीत वस्तूंच्या होत्या: बाटल्या, पत्रा, प्लास्टिकचे कागद, चुनखडीचे घासलेले पापुद्रे. लंबवर्तुळाचे माप (रुंदी उंचीच्या साधारण दुप्पट) चाळणी म्हणून लावल्यावर लांबट तुकडे गळाले. बाटलीचा बूड मात्र शेवटपर्यंत सुरुंगासारखाच दिसत राहिला.

उपकरण पथकात राहिले, पण कमी जबाबदारीवर: विरळ गवताच्या जमिनीत, निरभ्र दिवशी, उघडे किंवा अर्धे उघडे सुरुंग कुठे असू शकतात हे सांगून सर्वेक्षणाचा क्रम ठरवणे. त्यानंतर प्रत्येक चौरस मीटर नेहमीच्याच पद्धतीने, ठरलेल्या खोलीपर्यंत साफ होत राहिला. दाट झुडपे असलेले तुकडे सुरुवातीलाच वगळले गेले. न तपासलेल्या जमिनीतले झुडूप आधी कापता येत नाही आणि झुडपाआडून हा कॅमेरा काही पाहू शकत नाही.

वेगळे काय करता आले असते

रिकामे खड्डे पहिल्या दिवसापासून हवे होते. त्याहून बरे म्हणजे पुरलेले सुरुंग निदान एक पावसाळी हिवाळा जमिनीत राहू द्यायचे आणि मग पाहणी करायची. त्याला वेळ लागतो आणि प्रकल्पाचे वेळापत्रक तो देत नाही, हे खरे. पण मग पुरलेल्या सुरुंगांविषयी दावाही करता येत नाही.

मळवलेले सुरुंगही आधीच वापरायला हवे होते. आणि आकाशाचे परिणामी तापमान प्रत्येक चक्रासोबत नोंदवायला हवे होते. जमिनीवर पत्रावळीएवढा घासलेला ॲल्युमिनियमचा तुकडा ठेवला की तो आकाशाचे प्रतिबिंब त्याच चौकटीत दाखवतो, वेगळे यंत्र लागत नाही. ही नोंद नसल्यामुळे पहिल्या टप्प्यातल्या कितीतरी चौकटी नंतर तुलनेला निरुपयोगी ठरल्या.

शेवटची दुरुस्ती नोंदीच्या छापील कागदात झाली. त्यात प्रत्येक चौकटीसमोर तीन रकाने होते: ‘खूण आहे’, ‘खूण नाही’, ‘जागा मोकळी’. एका संध्याकाळी नकाशावर उतरवताना काही ‘खूण नाही’ चौकटी तिसऱ्या रकान्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी मार्ग आखण्याआधी ते लक्षात आले. तिसरा रकाना त्याच दिवशी काढून टाकला.